वाट विचारायला शिकवणारे

कारखान्यात तयार होणारं एखादं रसायन श्वासावाटे शरीरात गेलं तर फुप्फुसाचं काय होईल, हे माणसावर वेळ येण्याआधी तपासून सांगायचं, हे माझं काम. या कामात मला जे थोडंफार कळलं, ते ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मी कधी पाहिलेलं नाही. काही जणी स्पेनमधल्या आल्कॉय नावाच्या गावाच्या परिसरात कापडावर रंग फवारायच्या कामाला होत्या. काही शास्त्रज्ञ बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात होते. ज्यांना पाहिलं, त्यांच्यात एक पॅथॉलॉजीच्या बाई, एक प्राणिगृहातले मामा आणि माझे वडील. आणि असंख्य पांढरे उंदीर. हे ऋण फिटणारं नाही, हे मला माहीत आहे. निदान ते कशाचं आहे, एवढं तरी लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. वडील कापडाच्या प्रोसेसमध्ये टेबल प्रिंटिंगला होते. लांबच लांब टेबलावर कापड ताणून बसवायचं, दोघांनी दोन बाजूंनी स्क्रीन धरायची, तिच्यात रंगाची पेस्ट ओतायची आणि रबरी पट्टीनं ती ओढायची. स्क्रीन उचलायची, पुढं ठेवायची, पुन्हा ओढायची. पिगमेंटची छपाई असली की पेस्टमध्ये रॉकेल असायचं. वडील घरी आले की तो वास त्यांच्याआधी घरात यायचा. नखांच्या कडेला निळा, नाही तर मरून रंग कायमचा बसलेला. पिगमेंटला कापडाची ओढ नसते, ते धाग्याला आपणहून धरत नाही. त्याला धरून ठेवायला बाइंडर लागतो आणि तो पक्का करायला फिक्सर. हे शब्द मी शाळेत रसायनशास्त्र शिकायच्या आधी घरात ऐकले होते. वडिलांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण कलर किचनमधल्या कुठल्या डब्यात काय आहे ते त्यांना वासावरून कळायचं.

कोल्हापूरला एम.एस्सी. करून नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत लागले. कंपन्या आपली रसायनं आमच्याकडे पाठवत आणि आम्ही त्यांची विषारकता तपासून अहवाल देत असू. सुरुवातीला माझ्याकडे तोंडावाटे द्यायच्या चाचण्या होत्या. ठरलेली मात्रा नळीनं थेट जठरात सोडायची, प्राण्याकडे चौदा दिवस लक्ष ठेवायचं, वजनं घ्यायची, शेवटी शवविच्छेदन. दर किलो वजनाला 2000 मिलिग्रॅम देऊनही उंदीर टुणटुणीत राहिला, की त्या पदार्थाची तीव्र विषारकता कमी, असं आम्ही लिहीत असू. त्या वाक्यात चूक काही नव्हती. पण मी ते वाक्य जसं वाचत होते, तसं ते नव्हतं. मला त्यात ‘निर्धोक’ हा शब्द दिसायचा. तो तिथं कुणीच लिहिलेला नव्हता.

त्याच सुमारास कापड-छपाईत वापरायच्या एका पॉलिमरची फाइल माझ्याकडे आली. घरचा विषय म्हणून मला विशेष आनंद झाला. चाचणीत काहीही वाईट निघालं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत बाईंना हे सांगितलं, वडिलांचं कामही सांगितलं. बाई आमच्याकडच्या पॅथॉलॉजिस्ट. मूळच्या पशुवैद्यक शाखेच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी एवढंच विचारलं, “तोंडावाटे बघितलंस. पण छपाई करणारा माणूस हे पितो का?” मी हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन-तीन शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणून ठेवल्या. आल्कॉय हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या कागदांवर.

आल्कॉय हे स्पेनच्या पूर्व भागातलं, अलिकांते प्रांतातलं कापडधंद्याचं जुनं गाव. 1992 साली तिथल्या परिसरात कापडावर रंग फवारणाऱ्या छोट्या कारखान्यांतले कामगार एकामागोमाग आजारी पडू लागले. त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. खोकला, धाप, छातीत दुखणं. काहींच्या नाकातून रक्त. छातीच्या फोटोत पांढरे डाग. डॉक्टरांनी फुप्फुसाचा तुकडा तपासला तेव्हा त्यात ‘ऑर्गनायझिंग न्यूमोनिया’ दिसला. यात वायुकोशांत आणि बारीक श्वासनलिकांत सुजेचा स्राव साचतो, तो निघून जाण्याऐवजी तिथंच घट्ट होऊ लागतो आणि त्याचं तंतुमय ऊतक बनतं. हवेची जागा बुजते. सहा जण गेले. सगळ्यात जास्त झळ ज्या कारखान्याला बसली त्याचं नाव आर्डिस्टिल, म्हणून आजाराला पुढं ‘आर्डिस्टिल सिंड्रोम’ म्हणू लागले. अशाच फवारणीच्या कामातून अल्जीरियातही रुग्ण निघाले.

शोध घेता घेता माग ‘अ‍ॅक्रामिन एफ’ या छपाईच्या रंगप्रणालीपर्यंत आला. तिच्यातला एक घटक नुकताच बदलला होता. आधीच्या अ‍ॅक्रामिन एफडब्ल्यूआरच्या जागी अ‍ॅक्रामिन एफडब्ल्यूएन आलं होतं. दोन्ही पॉलिमरच. एक पॉलियुरिया, दुसरं पॉलिअमाइड-अमाइन. तोंडावाटे दिलं तर यांची विषारकता अगदी कमी, हे आधीपासून माहीत होतं. ही प्रणाली कापडावर पसरवून लावायची म्हणून तयार झाली होती. आल्कॉयच्या कारखान्यांत ती हवेच्या दाबानं फवारली जात होती. पसरवायच्या पदार्थाची श्वासावाटे चाचणी करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी ते कागद घरी नेले आणि पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या टेबलावरच्या फाइलमधला पदार्थ वेगळा होता, कंपनी वेगळी होती. पण फाइलची घडण तीच होती. तोंडावाटे कमी विषारी. त्वचेवर सौम्य. पुढचं पान कोरं.

लूव्हेनमध्ये बेनॉ नेमरी यांच्या गटानं नंतर जे केलं, ते माझ्या दृष्टीनं या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. त्यांनी अ‍ॅक्रामिनचे घटक सुटे सुटे करून हॅमस्टरच्या श्वासनलिकेत थेट सोडले. जी मात्रा जठरात गेली असती तर प्राण्याला काही जाणवलंही नसतं, तिच्या कितीतरी कमी मात्रेनं फुप्फुसं उद्ध्वस्त झाली. वजन वाढलं, वायुकोशांत प्रथिनं आणि दाहाच्या पेशी भरल्या, आणि ज्या प्राण्यांनी तग धरला त्यांच्या फुप्फुसांत पुढं तंतू वाढू लागले. आल्कॉयच्या रुग्णांच्या तुकड्यांत जे दिसलं होतं, त्याच्याशी हे जुळत होतं. पुढं त्याच गटातल्या पीटर हूट यांनी हे पॉलिमर फुप्फुसाच्या वेगवेगळ्या पेशींवर टाकून पाहिले, तेव्हा पेशी मरत होत्या. कारणाचा धागाही मिळाला. या रेणूंवर जागोजागी धन विद्युतभार असतो. पेशीचं आवरण बाहेरून ऋणभारित. रेणू तिथं जाऊन चिकटतो आणि आवरण फाडतो. उलट भाराचे रेणू आधी मिसळले तर पेशींचं नुकसान कमी होतं, हेही त्यांनी दाखवलं.

मग हेच रेणू पोटात मुकाट का राहतात, असं मी बाईंना विचारलं. माझा प्रश्न बाळबोध होता. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकूनही तो मला आधी पडला नव्हता, याची आजही खंत वाटते. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी आतड्याची काच, मग फुप्फुसाची. आतड्याच्या आत श्लेष्माचा जाड थर, त्याखाली उंच पेशींची रांग, झिजली की चार-पाच दिवसांत नवी येणारी. एवढा मोठा पॉलिमर तिथून आत शोषलाच जात नाही, विष्ठेतून निघून जातो. शोषला गेलाच तर पुढं यकृत आहे. फुप्फुसाच्या काचेत मात्र सगळी पोकळीच पोकळी. दोन पोकळ्यांमधली भिंत शोधावी लागत होती. “हवा आणि रक्त यांच्यात इथं एक मायक्रॉनसुद्धा अंतर नाही,” बाई म्हणाल्या. “आतड्याच्या दाराशी पहारेकरी आहेत. हे घर उघडंच आहे. उघडं नसतं तर श्वास घेता आला नसता.”

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा मी वडिलांना आल्कॉयची हकीकत सांगितली. मनात भीती होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही पट्टीनं ओढतोय गं, फवारतोय कुठं?” मला हायसं वाटलं. मग थोड्या वेळानं तेच म्हणाले, “पण फवारणारच नाही असं कसं सांगावं? शेठजीला घाई असंल, कारागीर कमी असतील, नवी मशिन येईल. पेस्ट घट्ट झाली तर पाणी घालतोय, पातळ झाली तर आणि काय घालतोय. डबा पाठवणाऱ्याला आम्ही कुठं विचारतोय? आणि तो तरी कुठं विचारतोय आमास्नी?”

पुढं मी पुष्कळ पुस्तकं वाचली, परिषदांना गेले, पण रसायनाच्या सुरक्षिततेचा एवढा नेमका मुद्दा मला कुणी सांगितला नाही. चाचणी ठरते ती पदार्थ कसा वापरायचा आहे यावरून. वापर ठरतो तो कारखान्याच्या जमिनीवर, कामाच्या गडबडीत. डबा तोच, लेबल तेच, अहवाल तोच. फक्त रबरी पट्टीच्या जागी फवारणीची बंदूक येते आणि पदार्थाची शरीरात जायची वाट बदलते. वाट बदलली की आधीचा अहवाल दुसऱ्याच पदार्थाबद्दल बोलत असल्यासारखा होतो.

मी श्वसनचाचण्यांच्या विभागात जायची इच्छा बोलून दाखवली, ती त्यानंतर. हा विभाग कुणाला फारसा नको असायचा. काम किचकट, खर्चिक, वेळखाऊ. तिथं मला सांभाळून घेतलं ते प्राणिगृहातल्या मामांनी. श्वसनचाचणीत प्राण्याला एका निमुळत्या नळीत ठेवतात. फक्त नाक मधल्या कक्षाकडे उघडं असतं, म्हणजे पदार्थ अंगावरच्या केसांवर बसत नाही आणि चाटून पोटात जात नाही. तीव्र चाचणीत असं सहसा चार तास. 28 किंवा 90 दिवसांच्या चाचणीत रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस. उंदराला नळीची सवय नसेल तर तो घाबरतो, श्वासाची गती बदलते, अंग तापतं, आणि मग दिसणारा परिणाम रसायनाचा की भीतीचा हे सांगता येत नाही. मामा खऱ्या चाचणीच्या कितीतरी आधीपासून त्यांना रोज थोडा थोडा वेळ नळीत ठेवून सवय लावत. त्यांच्याशी बोलत. “घाबरलेलं जनावर खरं सांगत नाही, ताई,” असं ते मला म्हणाले होते. मी ते तंत्र म्हणून शिकले. मामांना ते माया म्हणून येत होतं. दोन्ही एकच, हे कळायला मला वेळ लागला.

दुसरी गोष्ट शिकले ती थेंबांच्या आकाराची. उंदीर नाकानंच श्वास घेतो आणि त्याचं नाक फार बारकाईनं गाळतं. थेंब मोठे असतील तर ते नाकातच अडकतात, फुप्फुसापर्यंत पोचतच नाहीत. अहवाल निष्पाप दिसतो. म्हणून तीव्र चाचणीत थेंबांचा सरासरी व्यास एक ते चार मायक्रॉनांच्या दरम्यान राखायचा, आणि दीर्घ चाचणीत दोन मायक्रॉनांपर्यंत, असा दंडक आहे. कक्षातली हवा थरांथरांच्या चाळणीतून ओढून प्रत्येक थरावर किती वजन साठलं ते तोलायचं, म्हणजे थेंबांची वाटणी कळते. पहिले कित्येक महिने माझे दिवस एकही प्राणी न वापरता नुसते फवारे जुळवण्यात गेले. चिकट पॉलिमर नोझलमध्ये सुकतो, धार तुटते, कक्षातलं प्रमाण वरखाली होतं. त्या कंटाळवाण्या कामात मला आल्कॉयच्या त्या मुलींची आठवण यायची. मला जो बारीक तुषार तयार करायला एवढी खटपट करावी लागत होती, तो त्यांच्या समोर कामाचा भाग म्हणून दिवसभर तयार होत होता.

चाचणीनंतरचं काम बाईंचं. फुप्फुस काढून तोलायचं. श्वासनलिकेतून ठरावीक दाबानं फॉर्मलिन भरायचं, म्हणजे वायुकोश मिटत नाहीत, श्वास घेताना जसे फुगलेले असतात तसेच राहतात. मग चार-पाच मायक्रॉनांचे काप, रंग, काच. मॅसन ट्रायक्रोम या रंगात कोलॅजन निळं दिसतं. निरोगी फुप्फुसात निळी रेघ फक्त नलिकांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती असते. ती वायुकोशांच्या भिंतींत पसरलेली दिसली की बाई खुर्ची मागं सरकवत आणि मला बघायला बोलावत. कधीही घाईनं निष्कर्ष सांगत नसत. कुठला प्राणी कुठल्या गटातला ते झाकून पुन्हा काचा बघायला लावत. “तुला जे दिसावंसं वाटतं तेच तुला दिसतं,” असं मला त्यांनी अनेकदा ऐकवलं आहे. ते ऐकवून घ्यायची माझी लायकीच होती.

आणखी एक धागा मला बऱ्याच उशिरा सापडला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटलं तेव्हा मी शाळेत होते. वर्तमानपत्रातले फोटो आठवतात. पुढं या क्षेत्रात आल्यावर कळलं, की त्या वायूबद्दल तोपर्यंत जगात प्रसिद्ध झालेली माहिती अगदी तुटपुंजी होती. 1964 साली जर्मनीत किमरले आणि एबेन यांनी केलेला अभ्यास हा त्यांतला महत्त्वाचा. कामाच्या जागी या वायूची जी मर्यादा मानली जाते ती आहे हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग. इतक्या जहाल पदार्थाचे तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध होऊ लागले ते भोपाळनंतर. इंग्लंडमधल्या कार्शाल्टनच्या प्रयोगशाळेतून 1985 साली एक आला. उंदरांच्या श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तराचं काय होतं, ते त्यात नोंदवलं आहे. त्याच्या लेखकांची नावं वाचताना मी थबकले. पहिलंच नाव नेमरी. लूव्हेनमध्ये आल्कॉयचं कोडं सोडवणारा माणूस काही वर्षांपूर्वी भोपाळच्या वायूचा अभ्यास करत होता. ज्यांच्याकडून मी शिकले, ते स्वतः आमच्याकडच्या माणसांच्या मरणातून काही शिकले होते. हे ऋण सरळ रेषेत चालत नाही.

2011 साली दक्षिण कोरियातून बातमी आली. सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या वसंतात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसाच्या अनोळखी आजारानं दाखल होऊ लागल्या. लहान मुलंही. शोध घेतला तेव्हा घरातल्या ह्युमिडिफायरपाशी बोट गेलं. तिकडे हिवाळ्यात हवा कोरडी, म्हणून खोलीत दमटपणा ठेवायचं यंत्र घरोघर असतं. त्याच्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून घालायचे द्रव 1994 पासून बाजारात होते. पुढं त्यांतल्या अनेक बाटल्यांत पॉलिहेक्सामिथिलीन ग्वानिडीन, म्हणजे पीएचएमजी असायचं. तोंडावाटे आणि त्वचेवर याची विषारकता कमी. यंत्र मात्र ध्वनिलहरींनी पाण्याचा अतिसूक्ष्म तुषार करतं आणि तो रात्रभर झोपलेल्या माणसांच्या खोलीत सोडतं. प्राण्यांवर श्वासावाटे चाचणी झाली, उंदरांच्या फुप्फुसात तसेच तंतू दिसले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारनं ती उत्पादनं परत घ्यायला लावली.

मी रेणूची रचना काढून पाहिली. धनभारित पॉलिमर. आल्कॉयचाच चुलतभाऊ. अ‍ॅक्रामिनवरचे लूव्हेनचे निबंध प्रसिद्ध होऊन दशक उलटलं होतं. ते कागद जगभरच्या ग्रंथालयांत होते, माझ्याही कपाटात होते. कळलेलं आणि वापरात आलेलं यांच्यात एवढी मोठी दरी असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. तोवर मला वाटायचं, आपलं काम शोधून काढण्यापाशी संपतं.

कोरियाच्या प्रकरणानं आणखी एक धडा दिला, तो माझ्या धंद्याचा अहंकार उतरवणारा होता. काही बाटल्यांत पीएचएमजी नव्हतं, सीएमआयटी आणि एमआयटी या दोन रसायनांचं मिश्रण होतं. 2011 च्या त्या पहिल्या प्राणिचाचणीत या मिश्रणानं फुप्फुसात तंतू झाल्याचं दिसलं नाही. पण ते वापरणाऱ्या घरांतही माणसं आजारी होती. त्यांचं म्हणणं ग्राह्य धरलं जायला वर्षं गेली. पुढच्या अभ्यासांत या मिश्रणाचाही फुप्फुसाशी संबंध दाखवला गेला आणि खटले चालत राहिले. चाचणीत काही दिसलं नाही याचा अर्थ त्या जातीच्या प्राण्यात, त्या मात्रेत, तेवढ्या दिवसांत, त्या पद्धतीनं दिसलं नाही, एवढाच. हे वाक्य मी तेव्हापासून पूर्ण लिहिते. लांबलचक होतं. लोक कंटाळतात. बाई असत्या तर त्यांनी ते खोडलं नसतं.

प्राण्यांचं ऋण हा विषय मी टाळत आले होते. कुणी विचारलं तर 1959 साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं सांगायची: शक्य तिथं प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. उत्तर बरोबर आहे, आणि अपुरंही. आता माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशी हवेच्या संपर्कात वाढवून त्यांच्यावर पदार्थ सोडता येतो. धनभारित पॉलिमरसारख्यांची पहिली झडती तिथंच घेता येते. लूव्हेनच्या पेशींवरच्या प्रयोगांनी ती दिशा तेव्हाच दाखवली होती. तरी दीर्घकाळ श्वासात जाणाऱ्या पदार्थाचा निवाडा करताना अजून प्राण्याला पूर्णपणे वगळता आलेलं नाही. 2018 साली 28 आणि 90 दिवसांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय दंडक सुधारले. त्यात फुप्फुस धुऊन निघालेल्या पाण्यातल्या पेशी आणि प्रथिनं तपासायची तरतूद आली. एकाच प्राण्याकडून अधिक कळावं, म्हणजे पुढचा प्राणी लागू नये, असं मी नव्या मुलांना सांगते. पण मामा निवृत्त होताना त्यांनी पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन हात जोडले होते, ते मी पाहिलं आहे. माझ्या सांगण्यापेक्षा ते खरं होतं.

वडील छपाईच्या कामातून सुटले तेव्हा त्यांचं फुप्फुस ठीक होतं. मी स्वतः त्यांची तपासणी करून घेतली होती, एकदा नव्हे, दर वर्षी. ते चेष्टा करायचे, “तुझ्या उंदरांएवढी तपासणी माझी झाली.” त्यांना जे मिळालं ते नशिबानं, पट्टीनं ओढायचं काम होतं म्हणून. आल्कॉयच्या मुली त्याच धंद्यातल्या, तशाच पदार्थाशी रोजचा संबंध असलेल्या. त्यांच्या हातात बंदूक आली, एवढाच फरक. या फरकाचा विचार मनात आला की मला माझ्या अहवालांचा अभिमान वाटायचा थांबतो. कुणाच्या तरी श्वासाची किंमत देऊन हे ज्ञान आपल्यापर्यंत आलं आहे, त्याचे आपण नुसते वाहक आहोत, असं वाटतं.

नव्या कामासाठी कंपनीकडून आम्ही जी माहिती भरून घेतो, त्या अर्जात गेली काही वर्षं तीन प्रश्न आहेत. हा पदार्थ वापरताना हवेत जाईल का? कुठल्या टप्प्यावर? त्या वेळी तिथं कोण उभं असेल? मुलांना वाटतं, हे प्रश्न मी घातले. पहिला आल्कॉयकडून आला, दुसरा बाईंच्या त्या एका वाक्यातून, तिसरा वडिलांचा. बरेच अर्ज या ओळी कोऱ्या ठेवून येतात, सोबत फोन येतो की तोंडावाटेची चाचणी तर उत्तीर्ण आहे, एवढ्यासाठी कशाला अडवता. मी अर्ज परत पाठवते आणि सांगते, ज्या माणसाच्या हातात डबा जाणार आहे त्याला विचारून भरा. कधी कधी खरंच कुणी तरी कारखान्यात उतरून विचारतं. मागं एकदा असं उत्तर आलं, की लावायचं काम ब्रशनं आहे, पण कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही म्हणून पोरं तिथं फवारतात. ही गोष्ट कंपनीतल्या कुणालाच माहीत नव्हती. त्या पदार्थाची श्वासावाटे चाचणी आम्ही केली.